मावशींना डीए कोण देणार?

वाचकाचं पत्र

मी पोस्टातून निवृत्त झाले. घरी आम्ही दोघंच. पोळीभाजीला येणाऱ्या मावशींना २०२१ च्या दिवाळीपासून महिना ३००० रुपये देते. यंदाही, २०२५ मध्ये, दिवाळीचा बोनस दिला, तर पंधरा दिवसांत म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून ४२०० करा, महागाई फार झालीय. एकदम चाळीस टक्के? पेपरात तर आलं होतं की ऑक्टोबर २०२५ ची महागाई पाव टक्का. गॅस चार वर्षांपूर्वीपेक्षा आज स्वस्त आहे, माझ्याकडे पावत्या आहेत. शिवाय त्यांना रेशन फुकट आणि लाडकी बहीणचे दीड हजार. सोसायटीच्या ग्रुपवर चाललंय की ३२०० च्या वर कुणी जायचं नाही. आणखी एक. जगात अन्न आणि तेल महागलं की गरीब देश होरपळतात असं वाचते, पण आपल्याकडे सगळं पिकतं. मग बाहेरच्या भावांचा मावशींच्या स्वयंपाकघराशी संबंध काय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

पावत्या जपणाऱ्या माणसाशी वाद घालायला बरं वाटतं, हवेत काही राहत नाही. तुमचा गॅसचा मुद्दा खरा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर ८९९ रुपये ५० पैशांना होता. एप्रिल २०२५ मध्ये पन्नास रुपये वाढल्यावरही २०२५ च्या दिवाळीत तो साडेआठशेच्या आसपासच होता, आणि पुण्यात फरक पडला तर दोन-चार रुपयांचा. पाव टक्क्याचंही बरोबर. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के निघाला आणि खाद्यपदार्थांचा तर शून्याच्याही पाच टक्के खाली गेला होता.

तरी मावशींचं गणित चुकलेलं नाही. ते कसं, हे बघायला आता पेन्शनच्या पावत्या काढा.

तुम्ही केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालात. जुलै २०२१ पासून तुमच्या मूळ पेन्शनवर डीए, म्हणजे महागाई भत्ता, ३१ टक्के होता, जुलै २०२५ पासून तो ५८ टक्के झाला. हिशोबाला सोपं म्हणून मूळ पेन्शन २०,००० धरू. तेव्हा हातात २६,२०० यायचे, जुलै २०२५ पासून ३१,६०० येऊ लागले. चार वर्षांत वीस टक्क्यांहून थोडी जास्त वाढ, तीही न मागता. वर्षातून दोनदा आकडा जाहीर होतो, उशीर झाला तर फरकाची रक्कम मिळते, आणि तुम्हाला कुणाच्या दारात उभं राहून ‘महागाई फार झालीय’ म्हणावं लागत नाही. (कोविडच्या काळात अठरा महिने डीए गोठवला होता आणि त्याची थकबाकी मिळाली नाही, हे तुम्ही विसरला नसाल. माझ्या ओळखीचा एकही पेन्शनर विसरलेला नाही.)

त्याच चार वर्षांत मावशींची वाढ शून्य. बोनस दिलात ते चांगलंच केलंत, पण त्याने दरमहाचा आकडा हलत नाही.

आता पाव टक्क्याकडे येऊ. हा दर मागच्या ऑक्टोबरच्या तुलनेतला असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या आदल्या वर्षीपेक्षा तब्बल ४२ टक्के महाग होत्या, त्या उंचीवरून मोजलं तर २०२५ स्वस्त दिसणारच. दर खाली आला म्हणजे भाव चढायचे थांबले किंवा थोडे उतरले. आधी खिशातून गेलेले पैसे त्याने परत येत नाहीत. सरकारचाच भावांचा निर्देशांक २०२१ च्या दिवाळीपासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत मोजला तर एकूण वाढ अठरा-एकोणीस टक्के भरते. म्हणजे सोसायटीच्या ग्रुपने काढलेले ३२०० हे तुमच्या पाव टक्केवाल्या सरकारच्याही हिशोबात बसत नाहीत.

आणि गॅसची मधली पावती? मार्च २०२३ मध्ये हाच सिलिंडर ११०२ रुपये ५० पैशांना गेला होता आणि ऑगस्टअखेर दोनशे रुपये कमी होईपर्यंत तिथेच होता. त्याच जुलैत टोमॅटोने काय केलं ते आठवा. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात पुन्हा भाज्या. तुम्ही २०२१ ची आणि २०२५ ची अशा दोन टोकांच्या पावत्या शेजारी ठेवल्यात आणि मधली चढण पाहिली नाहीत. मावशी ती चढण दर महिन्याला त्याच तीन हजारांत चढल्या. त्या महिन्यांत काय काय कमी केलं, डाळ, दूध की मुलाचा क्लास, ते त्या तुम्हाला सांगणार नाहीत आणि तुम्ही विचारूही नका.

समजा दर दिवाळीला तुम्ही फक्त पाच टक्के वाढवत गेला असतात. २०२२ मध्ये ३१५०, मग ३३०७, मग ३४७३, आणि या दिवाळीला साधारण ३६५० झाले असते. तीन वर्षांत न दिलेली ही वाढ जोडली तर अकरा हजारांहून थोडी जास्त होते. तुम्हाला जी फरकाची रक्कम म्हणून मिळते, ती त्यांच्या बाबतीत तुमच्याकडे राहिली आहे. आज ४२०० दिलेत तरी ३८०० च्या वरच्या चारशे रुपयांतून ती फिटायला सव्वादोन वर्षांहून थोडा जास्त काळ लागेल.

३८०० कुठून आले, तर बसमुळे. १ जून २०२५ पासून पीएमपीएमएलचा, म्हणजे पुण्याच्या शहर बसचा, मासिक पास ९०० वरून १५०० झाला. महिलांना अर्धं तिकीट ही सवलत एसटीत आहे, पुण्याच्या शहर बसमध्ये नाही. मावशी तुमच्याकडे पायी येत असतील तर हा मुद्दा सोडून द्या, पण कोथरूडला पोळ्या करणाऱ्या बहुतेक बायका आता कोथरूडमध्ये राहत नाहीत, त्यांना तिथलं भाडं परवडत नाही. चार घरची कामं धरली तर पासाचे वाढीव सहाशे म्हणजे घरामागे दीडशे. वरच्या ३६५० मध्ये ते मिळवा, झाले ३८००. इंधनाची झळ गरिबाला अशी फिरून लागते. पेट्रोल पंपावर तो जात नाही. आधी बस चालवणाऱ्यांची तूट साठते, मग एक दिवस तिकीट एकदम वाढतं, आणि तोवर पेपरात तेल स्वस्त झाल्याची बातमी आलेली असते.

फुकट रेशनचं आधी खात्रीने माहीत करून घ्या. महाराष्ट्रात शहरी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९,००० रुपयांच्या आत असेल तरच प्राधान्य यादीत नाव येतं. महिना पाच हजारांच्याही आत! चार घरी पोळ्या करणारी बाई खरं उत्पन्न लिहील तर यादीबाहेर. नाव असलंच तर माणशी पाच किलो धान्य मिळतं, आणि ते मोलाचं आहे, मी कमी लेखत नाही. पण तेल, डाळ, दूध, गॅस, बस, खोलीभाडं यातलं काही त्यात येत नाही. लाडकी बहीणच्या दीड हजारांबद्दल एवढंच म्हणेन की सरकारने ते मावशींना दिले आहेत, तुम्हाला नाही. ते तुमच्या देण्यातून वळते करून घेतले तर लाडकी बहीण तुम्हीच झालात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. खरं तर तो मला पहिल्याहून जास्त आवडला.

आपल्याकडे सगळं पिकतं हे अर्धसत्य आहे. तुमच्या ओट्यावर नजर टाका. खायच्या तेलातलं निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयाबीनचं बरंचसं अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनचं. स्वयंपाकाचा गॅस साधारण साठ टक्के आयात. खनिज तेल पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त. तूरडाळ कमी पडते तेव्हा म्यानमार, मोझांबिक, टांझानियाहून येते. गहू-तांदूळ इथला असला तरी त्याला घातलेलं पोटॅश बाहेरचं, आणि युरिया ज्या नैसर्गिक वायूपासून करतात तोही बराचसा बाहेरचा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि सूर्यफुलाचं तेल बंदरात अडकलं. सगळे पामतेलाकडे वळले. इंडोनेशियात लोकांना तेल मिळेना, तेव्हा तिथल्या सरकारने २८ एप्रिलला निर्यातच बंद केली. ती २३ मे रोजी उठली. महिनाही नाही भरला, पण वड्यापासून फरसाणापर्यंत सगळ्यांनी तेवढ्यात भाव सुधारून घेतले आणि नंतर ते खाली आणायचं बहुतेकांना सुचलं नाही. वर रुपया घसरला. त्या वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला साडेचौऱ्याहत्तर रुपये पडत होते, अखेरीस पावणेत्र्याऐंशीच्या आसपास. तेलाचा डॉलरमधला भाव जागचा हलला नसता तरी आपल्याला ते दहा टक्क्यांहून महाग पडलं असतं. हा दुसरा चटका श्रीमंत देशाला सहसा बसत नाही, गरीब देशाला हमखास बसतो, कारण संकट आलं की पैसा डॉलरकडे धावतो.

तुमच्या-माझ्यात आणि मावशींत जो फरक आहे तोच इथे देशादेशांत आहे. तुम्ही एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरता, दिवाळीला तेलाचा पंधरा लिटरचा डबा आणता. त्या दिवशीचा भाव तुम्ही वर्षभरासाठी बांधून घेतलेला असतो. मावशी पाव किलो सुटं तेल आणि दोन किलो आटा आणतात, ज्या दिवशी पगार होतो त्या दिवशीच्या भावाने, आणि किलोमागे तुमच्यापेक्षा महाग. बांगलादेशचं २०२२ मध्ये नेमकं असं झालं. रशियाचा वायू तुटल्यावर युरोपने जगभरातून जहाजाने येणारा द्रवरूप वायू वाटेल त्या भावाने उचलला. लांब मुदतीचे करार होते तेवढा माल बांगलादेशला मिळत राहिला, पण रोजच्या बाजारातला भाव परवडेना म्हणून जुलैत त्यांनी ती खरेदीच थांबवली आणि गावोगाव वीज जाऊ लागली. युरोपातही बिलं भयंकर आली, पण दिवे गेले ढाक्याचे.

इजिप्तचं उदाहरण याहून जुनं आहे. गव्हाच्या आयातीत तो देश जगात अगदी वरच्या क्रमांकांत, आणि युद्धाआधी त्यातला बहुतांश गहू रशिया-युक्रेनमधून यायचा. सरकारी अनुदानाची भाकरी तिथे १९८० च्या दशकापासून पाच पियास्तरला मिळत होती (शंभर पियास्तरचा एक इजिप्शियन पौंड). १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी अन्नावरचं अनुदान कापायला घेतलं, तेव्हा दंगली पेटल्या आणि दोन दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला होता. पाच पियास्तरचा भाव ठरल्यावर तर त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. जून २०२४ मध्ये ती वीस पियास्तर झाली. चौपट. तरीही ती भाजण्याच्या खर्चापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, पण ज्या घरात दिवसाला वीस-पंचवीस भाकऱ्या लागतात तिथे ‘अजूनही स्वस्तच’ हे वाक्य कसं ऐकू जात असेल?

श्रीलंकेचं तुम्हाला आठवत असेल. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, पीक बुडालं, नोव्हेंबरात बंदी मागे घेतली. पर्यटन कोविडने आधीच बसलेलं. तिजोरीत डॉलर उरले नाहीत आणि नेमकं तेव्हाच तेल-गहू भडकले. एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्ज फेडता येत नाही असं सरकारने सांगून टाकलं, जुलैत राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथली अन्नाची महागाई ९५ टक्क्यांना टेकली होती. पुढच्या जुलैत एकूण महागाईचा दर सहा टक्क्यांवर आला आणि २०२४ च्या सप्टेंबरात शून्याच्या खाली गेला. आकडा तुमच्या पाव टक्क्याहून सुंदर. पण जागतिक बँकेच्या अंदाजानुसार तिथल्या गरिबांचं प्रमाण २०१९ च्या तुलनेत दुपटीहून वाढलं, आणि दर उतरल्यावर ते आपोआप खाली आलं नाही. मधली चढण तिथेही लोकांनीच चढली.

आपण त्या मानाने बचावलो, कारण आपल्याकडे गहू-तांदळाची कोठारं होती, डॉलरचा साठा होता आणि सरकारने बराच भार अंगावर घेतला. २०२२-२३ मध्ये एकट्या खतांच्या अनुदानावर अडीच लाख कोटी गेले. जगात काहीही झालं तरी युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांनाच मिळाली. हे श्रेय द्यायला हवं.

पण ते देताना आपण रांगेत मागच्यांचं काय केलं तेही सांगायला हवं. मे २०२२ मध्ये आपण गव्हाची निर्यात बंद केली, सप्टेंबरात तुकडा तांदळाची, जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची. जगातल्या तांदळाच्या व्यापारात आपला वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास. सेनेगलमध्ये घराघरांत शिजतो तो तुकडा तांदूळ, आणि तो आपल्याकडून जायचा. इंडोनेशियाने आपल्याशी केलं तेच आपण सेनेगलशी केलं. दोन्ही सरकारं आपापल्या लोकांपुरती बरोबर होती. शेतकऱ्याला विचाराल तर तो वेगळंच सांगेल. भाव चढायला लागले की निर्यातबंदी त्याच्याच मालावर येते, हे लासलगावच्या कांदेवाल्याला डिसेंबर २०२३ पासून पुढचे पाच महिने कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि लातूरचा सोयाबीनवाला म्हणेल की आयात तेल स्वस्त असलं तर मला हमीभावही मिळत नाही. तो विषय मोठा आहे. दुसऱ्या कुणी पत्र पाठवलं तर त्यावर लिहीन.

तुम्ही विचारलेला संबंध असा आहे. केंद्राच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत शहरी कुटुंबाचा सरासरी चाळीस टक्के आणि ग्रामीण कुटुंबाचा सत्तेचाळीस टक्के खर्च खाण्यावर जातो. अमेरिकेत साधारण आठवा हिस्सा. ही सरासरी झाली; मावशींच्या घरी निम्म्याच्या पुढे असेल, तुमच्याकडे कदाचित पाव. तेल-धान्य दहा टक्क्यांनी चढलं तर तुमच्या घरात ते जाणवतं आणि त्यांच्या घरात काहीतरी बंद होतं. महागाईचा एकच आकडा पेपरात छापतात, पण प्रत्येक घराचा आकडा वेगळा असतो, आणि जेवढं घर गरीब तेवढा तो अन्न आणि इंधनाच्या मागे धावतो.

मग करायचं काय? माझं मत विचारलंत म्हणून सांगते: ४२०० द्या. घासाघीस करून ३८०० वर आणाल, आणता येईल, पण मग पुढची चार वर्षं पुन्हा गप्प राहू नका. दर दिवाळीला पाच टक्के, किंवा तुमचा डीए जेवढा वाढेल तेवढी टक्केवारी, असं आजच बोलून ठेवा. मला डीएचीच अट जास्त आवडेल, कारण मग वाद उरत नाही आणि त्यांना मागावं लागत नाही. तुमचीही औषधं असतील, सोसायटीचा मेंटेनन्स असेल, हे मी धरून चालले आहे. खरंच जमत नसेल तर पैसे कापण्याऐवजी काम कमी करा. रविवारची सुट्टी द्या, किंवा भाजी तुम्ही करा आणि पोळ्या त्यांना करू द्या. उरलेल्या कामाचा दर मात्र नवाच ठेवा.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्यांची नोंदणी झाली आहे का विचारा. कागदपत्रांत ज्या घरी काम चालू आहे तिथला दाखला लागतो, आणि पुष्कळ घरं तो द्यायला उगाच कचरतात. तुम्ही पोस्टात आयुष्य काढलंत, दाखला लिहून देणं तुम्हाला जड नाही.

एप्रिलमध्ये तुमचा गहू येईल तेव्हा मावशींनाही एक पोतं हवं का ते विचारा. हवं असेल तर पैसे आगाऊ द्या आणि महिन्याला तीनशे-चारशे वळते करून घ्या, व्याजाबिजाच्या गोष्टी न करता. पगारवाढीशी त्याची गल्लत करू नका, ती वेगळी आणि हे वेगळं.

राहिला सोसायटीचा ग्रुप. मोलकरणींनी मिळून दर ठरवला की त्याला आपण युनियनबाजी म्हणतो, आणि आपण मिळून ठरवला की ती शिस्त. तिथे भांडत बसू नका, तुम्ही किती देता तेवढं लिहा आणि ग्रुप म्यूट करा.